सदतिसावा रकाना

चौतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये मी चुका शोधल्या.
ताव यायचे, शाईचा वास घेऊन,
आणि माझं बोट आकड्यांवरून चालायचं,
आंधळ्याचं भिंतीवरून चालावं तसं.
म्हणून पागारे बाईंनी झेरॉक्स वाटल्या तेव्हा
पहिल्याच संध्याकाळी मी लाल पेनानं गोल केला:
सदतिसावा रकाना. इथं छापणाऱ्यानं घोळ घातलाय.
एक टेनर सा-वर उभा आहे,
दुसरा येतो तो थेट कोमल रे-वर,
दोघांमध्ये बोट शिरायला फट नाही.

बाई हसल्या नाहीत. चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
"तीनशे वर्षांत कुणी दुरुस्त केली नाही ही.
चूक नसावी."

लॅटिन आमच्यात कुणालाच येत नाही.
बाईंनी फळ्यावर देवनागरीत लिहिलं, मी वहीत उतरवलं:
मि झे रे रे.
दया कर.
शेवटचे दोन रे तेवढे ओळखीचे वाटले.
त्यातल्या पहिल्याला सोळा सुरांची शेपटी,
ती संपेपर्यंत जेल रोडवरून द्राक्षांचे दोन ट्रक जातात
आणि मनमाडकडची मालगाडी, अर्धी.
ळ नाही त्या भाषेत, ण नाही.
गुडघे टेकायला मात्र जागाच जागा.

दुसरा टेनर म्हणजे एलीशा. माझा धाकटा भाऊ.
शरणपूरच्या दोन खोल्या, मधली भिंत,
आणि बापाची पेटी कुणाकडे,
एवढ्यावरून अकरा वर्षं बोलणं नाही.
पेटी त्याच्याकडे आहे. भाता फाटलाय, असं ऐकतो.
बाईंना हे ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे;
उंचीनुसार उभं केलं, आम्ही शेजारी आलो.

बाप त्याच पेटीवर शिकवायचा,
रविवारी, आत मटण शिजत असताना:
"सगळे सूर हलतील, पोरांनो. सा हलत नाही.
सा म्हणजे उंबरठा."
आणि हा कोण तिकडचा,
झेरॉक्समध्ये ज्याचं नाव कापलं गेलंय,
तो सांगतो, तू आधी पोचलास ना, मग थांब.
दुसऱ्याला येऊ दे, घासू दे, कानशिलं तापू देत,
आणि मग उतर. एक पायरी. तूच.

मी बाईंना विचारलं, त्यानं का नाही हलायचं?
आला तो, धडकला तो.
"त्याचा बरोबर आहे," बाई म्हणाल्या.
"खालचं सगळं बदललंय आता.
बदलला नाही तो तुमचा सूर."

उत्तम शुक्रवारी चर्चमधले पंखे बंद ठेवले,
त्यांचा आवाज होतो म्हणून.
एलीशाला सर्दी. खिशातून लवंगांची पुडी काढली,
दोन्ही बाजूंना फिरवली, माझी बाजू सोडून.

छत्तीस. मी सा धरला.
सदतीस. तो आला, माझ्या डाव्या कानात,
किंचित नाकातला, बापासारखाच,
आणि मी उतरलो नाही.
विसरलो म्हणा.
बाईंचा हात खाली गेला, आल्टो पुढं गेल्या,
मी तिथंच,
एक मात्रा, दोन,
कागदावर कुणी न लिहिलेल्या.
मग त्याचं कोपर लागलं, किंवा मला तसं वाटलं,
आणि मी कोमल नी-वर आलो.
तिथं गार होतं, फरशीसारखं.

बाहेर, गर्दीतून स्कूटर काढताना
माझ्याकडे न बघता तो म्हणाला,
"सदतीसला उशीर केलास."
म्हटलं, "हो."
"भाता बदलायला टाकलाय."
किक मारली. लागली नाही.
मी हँडल धरून उभा राहिलो,
त्यानं परत मारली.